जुना ट्रक: रिकामा असला की आदळतो, ताशी साठ किलोमीटरच्या आसपास थरथरतो. तपास कुठून सुरू करायचा?

लांबपल्ला
दोन अ‍ॅक्सलचा जुना ट्रक, सहा सिलिंडर. टायर १०.००-२०, मागे जोडचाकं. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सचं फिरणं मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत नेणारी नळी) दोन तुकड्यांचा, मध्ये सेंटर बेअरिंग. टॉप गिअर डायरेक्ट, डिफरन्शियलचा रेशो ५.५ (शाफ्टचे साडेपाच फेरे, चाकाचा एक). तक्रारी दोन आहेत.

१) रिकामी गाडी खड्ड्यात गेली की मागून दणका थेट सीटपर्यंत येतो.
२) ५५ च्या पुढे केबिनच्या फरशीतून थरथर सुरू होते, ६० ते ६६ ला कळस, ७० नंतर जराशी उतरते. स्टेअरिंग मात्र शांत. माल भरला की थरथर कमी वाटते.

मागच्या पाट्यांची (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांची) कमान चढवून घेतली आहे आणि दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकला आहे. एक मिस्त्री म्हणतो टायर बदला, दुसरा म्हणतो क्रॉस (शाफ्टचा फिरता सांधा) बदला. दोघांचं ऐकायचं तर अर्धी गाडी नवी होईल. आधी काय तपासू?

स्टेपनी
टायरच. जुन्या गाडीत दहातल्या नऊ वेळा टायर निघतो. पुढचे मागे, मागचे पुढे करून बघा.

ग्रीसगन
स्टेपनीराव, टायर असता तर स्टेअरिंग गप्प बसलं नसतं. निदान पुढचा तरी नसावा. आणि भरल्यावर कमी का होईल?

लांबपल्ला, आधी दोन तक्रारी वेगळ्या करा. आदळणं रस्त्यावर अवलंबून असतं: खड्डा आला की दणका, गुळगुळीत रस्त्यावर काही नाही. थरथर फिरणाऱ्या वस्तूवर अवलंबून असते: रस्ता कितीही चांगला असला तरी ठराविक वेगाला हजर. पहिल्यासाठी पाटे, शॅकल (पाट्याचं टोक चासीला जोडणारी झुलती कडी), शॉकअप, हवा आणि केबिनची रबरं बघायची. दुसऱ्यासाठी चाक, ड्रम, शाफ्ट, इंजिन. दोन्ही एकाच झटक्यात दुरुस्त करायला गेलं की नक्की कशाने फरक पडला तेच कळत नाही.

थरथरीसाठी तीन चाचण्या. सरळ, सपाट, मोकळा रस्ता हवा आणि सोबत लिहून घेणारा माणूस. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं.

पहिली, गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये. ६० ला टॉपमध्ये जेवढा आरपीएम असतो तेवढा द्या. इथेच थरथर आली तर इंजिनाचे माउंटिंग, पंख्याचं तुटलेलं पातं, क्लचची प्रेशर प्लेट, चुकणारा इंजेक्टर या बाजूला जा. चाकं-शाफ्टकडे बघायचंच नाही.

दुसरी, ५६ च्या वेगाला टॉपमध्ये चालवा, मग तोच वेग ठेवून एक गिअर खाली घ्या. इंजिनाचा आरपीएम वाढतो, पण शाफ्ट आणि चाकं तेवढ्याच वेगाने फिरत असतात. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन सुटलं. तुमचा टॉप डायरेक्ट आहे, म्हणजे टॉपमध्ये इंजिन आणि शाफ्ट एकाच वेगाने फिरतात, म्हणून टॉपमध्ये नुसतं चालवून दोघांत फरक करताच येणार नाही.

तिसरी, ६६ ला अ‍ॅक्सिलरेटरचं पॅडल दाबून धरा, मग पाय काढा. दाबल्यावर वाढते की सोडल्यावर, ते लिहा. न्यूट्रल करून सोडणार असाल तर इंजिन चालूच ठेवा. हवेचा ब्रेक आणि पॉवर स्टेअरिंग दोन्ही त्याच्यावर आहेत. उतारावर हा प्रयोग नाही.

मोजपट्टी
आकडे मांडून ठेवतो, म्हणजे "बारीक थरथर", "मोठी थरथर" यावर वाद नको.

१०.००-२० चा चालता घेर साधारण ३.२ मीटर. ६० च्या वेगाला गाडी मिनिटाला १००० मीटर जाते, म्हणजे चाकाचे मिनिटाला ३१२ फेरे, सेकंदाला ५.२. शाफ्ट याच्या साडेपाचपट: मिनिटाला १७२० च्या आसपास, सेकंदाला साधारण २८.६.

चाक, ड्रम, रिम यांचा दोष असेल तर सेकंदाला ५ च्या आसपास हेलकावे. हे जवळजवळ मोजता येतात. सीट वरखाली होते, पुढचं चाक असेल तर स्टेअरिंग डुलतं. शाफ्टचा बॅलन्स गेला असेल किंवा नळी वाकली असेल तर २८-२९. आरशातलं चित्र पुसट होतं. क्रॉसच्या कोनाचा दोष असेल तर शाफ्टच्या एका फेऱ्याला दोन झटके, म्हणजे ५७. इथे दात वाजल्यासारखं होतं, कानाला घुमल्यासारखं लागतं.

साधा उपाय: पाण्याची अर्धी बाटली फरशीवर ठेवा. पाणी डचमळलं तर चाक. पृष्ठभागावर नुसती बारीक जाळी उठली तर शाफ्ट किंवा इंजिन. मोबाईलमध्ये कंपन मोजणारं अ‍ॅप असेल तर तो फरशीला चिकटपट्टीने घट्ट बसवा. हातात धरू नका, हात सगळं शोषून घेतो.

स्टेपनी
बाटलीवरून डिफरन्शियल उघडायचं म्हणता?

मोजपट्टी
उघडायचं नाही म्हणून तर बाटली!

जुनीचासी
रस्त्यावर नेण्याआधी अर्धा तास गाडीखाली घाला. यातलं काही निघालं तर पुढच्या चाचण्यांना अर्थ राहत नाही.

जोडचाकांच्या मध्ये अडकलेला दगड. रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल. हसू नका. पाव किलोचा चिखलाचा पोपडा ६० ला काय करतो ते मोजपट्टी सांगतील.

टायरवर हात फिरवा, डोळ्यांपेक्षा तळहाताला जास्त कळतं. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट्या दिशेने करवतीसारखं लागलं तर टो (पुढची चाकं एकमेकांना किती समांतर ते) बिघडलाय. ठराविक अंतराने खळगे लागले तर शॉकअप किंवा बेअरिंग. एकाच जागी सपाट चट्टा असेल तर ब्रेक जाम होऊन टायर घासलाय. कुठेही फुगवटा असेल तर तो टायर आजच उतरवा. आतला दोऱ्यांचा थर सुटलेला असतो, तो टायर फुटतो. रिमोल्ड असेल तर चढवलेल्या पट्ट्याची कड सुटली आहे का बघा. एकाच अ‍ॅक्सलवर रेडियल आणि नायलॉन मिसळलेले नकोत. जोडीतल्या दोन टायरांच्या उंचीत ६ मिमीपेक्षा जास्त फरक नको, नाहीतर मोठा टायर सगळा भार घेतो आणि छोटा नुसता घासत जातो.

शाफ्टच्या नळीवर ठोका पडलेला नाही ना? बॅलन्ससाठी वेल्ड केलेल्या छोट्या पट्ट्या असतात, त्यातली एखादी उडाली असेल तर तिथे चौकोनी डाग उरतो. क्रॉसच्या कॅपभोवती विटकरी भुकटी दिसली तर आत ग्रीस नाही, सुया (बेअरिंगच्या बारीक सळया) गंजल्या आहेत. ग्रीस मारताना ते चारही कॅपमधून बाहेर आलं पाहिजे. तीनमधूनच आलं तर चौथी कोरडीच आहे, तो क्रॉस फार दिवस टिकणार नाही.

सेंटर बेअरिंगचं रबर पहारीने उचलून बघा. फाटलं असेल तर शाफ्ट वरखाली नाचतो, आणि भरलेली गाडी जागेवरून उचलताना धडधडते.

लांबपल्ला
सगळ्यांचे आभार. आज केलेलं सांगतो.

दगड, चिखल, फुगवटा काही नाही. मागच्या टायरांच्या जोड्या ४ मिमीच्या आत. नळी सरळ, पट्ट्या जागेवर. तिन्ही क्रॉस चारही बाजूंनी ग्रीस टाकतात. सेंटर बेअरिंगचं रबर शाबूत.

चाचणी १: उभ्या गाडीत १७२० ला काही नाही.
चाचणी २: ५६ ला गिअर बदलून थरथर तीच.
चाचणी ३: पॅडल दाबल्यावर कमी, पाय काढला की वाढते. न्यूट्रलमध्येही राहते.
बाटली: बारीक जाळी.

मोबाईलने गोंधळ घातला. ६० ला ४३ दाखवतो, ६६ ला ३७. वेग वाढवला तर आकडा कमी कसा होतो? २८ पण नाही, ५७ पण नाही.

ग्रीसगन
अ‍ॅप फालतू असेल. सोडून द्या.

मोजपट्टी
थांबा, सोडू नका. अ‍ॅप सेकंदाला किती नोंदी घेतं ते सेटिंगमध्ये बघा. माझा अंदाज १००.

सेकंदाला १०० नोंदी घेणाऱ्या यंत्राला ५० पर्यंतचीच कंपनं खरी दिसतात. त्यावरची घडी पडून उलटी दिसतात. ५७ असेल तर १०० वजा ५७, म्हणजे ४३. ६६ च्या वेगाला शाफ्ट ३१.५, दुप्पट ६३, आणि १०० वजा ६३ म्हणजे ३७. तुमचे दोन्ही आकडे चपखल बसतात, आणि वेग वाढवल्यावर आकडा उतरतो तो याचमुळे. नोंदी २०० करून पुन्हा बघा, ५७ आणि ६३ दिसले पाहिजेत.

तसं दिसलं तर टायर, ड्रम आणि शाफ्टचा बॅलन्स सगळं बाजूला. शाफ्टच्या वेगाच्या दुप्पट म्हणजे क्रॉसचा कोन किंवा फेज (शाफ्टच्या दोन टोकांची आपसातली जुळणी). ७० नंतर उतरते त्याचंही आश्चर्य नाही. फरशीचा किंवा केबिनचा स्वतःचा सूर सेकंदाला ६० कंपनांच्या आसपास असेल, म्हणून तिथे आवाज उचलला जातो. पुढे दोष तोच राहतो, पण फरशी साथ देत नाही.

चिखलाचं राहिलंच. टायरच्या घेराजवळ, मध्यापासून अर्ध्या मीटरवर २०० ग्रॅम जादा असेल तर सेकंदाला ७ फेऱ्यांना, म्हणजे ८० च्या वेगाला, साधारण २० किलोचा ओढा फिरत राहतो. त्याच वेगाला शाफ्टवर ५ सेंमी त्रिज्येवरची ५० ग्रॅमची पट्टी उडाली तरी सुमारे १५ किलो. वेग दुप्पट तर ओढा चौपट.

लांबपल्ला
२०० नोंदींवर ५७ आणि ६३ दिसले. मोजपट्टी, नमस्कार घ्या.

कोनमापक
आता माझा प्रांत आला.

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारखा फिरत असला तरी मागचा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. ३ अंशांना ही ओढाताण पाव टक्क्याच्या जरा वर असते, ६ अंशांना सुमारे १.१ टक्का. कोन दुप्पट, दोष चौपट. पुढच्या क्रॉसने केलेला घोळ मागच्या क्रॉसने उलटा फिरवून मिटवायचा असतो. त्यासाठी दोन अटी आहेत: दोन्ही कोन सारखे हवेत, एक अंशाच्या आत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुशाखे) एकाच पातळीत हवेत. शाफ्ट स्प्लाइनमधून (दातेरी सरकत्या जोडातून) काढून एक दात चुकवून बसवला की दुसरी अट मोडते. म्हणून काढण्याआधी पांढऱ्या रंगाने दोन्ही भागांवर एक रेघ ओढायची. काही शाफ्टवर कंपनीचे बाण असतात, ते समोरासमोर हवेत.

कोन मोजायला डिजिटल लेव्हल पुरते, दशांश दाखवणारी. गाडी सपाट जागी, चाकं जमिनीवर, रिकामी. चासीला जॅक लावून मोजलं तर अ‍ॅक्सल लोंबतो आणि सगळे आकडे खोटे येतात. चाकांना पुढून-मागून ठोकळे लावा, मगच खाली जा. चार ठिकाणी मोजायचं: गिअरबॉक्सच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टने जोडतात ती तबकडी), पुढच्या शाफ्टच्या नळीवर, मागच्या शाफ्टच्या नळीवर, पिनियनच्या (डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या दांड्याच्या) फ्लँजवर. फ्लँज उभा असतो, म्हणून त्याच्या तोंडावर लेव्हल उभी धरून ९० मधून वजा करा. नळीवर गंज आणि रंगाचे पापुद्रे असतील तर आधी खरवडून काढा, अर्धा अंश तिथेच फसवतो. प्रत्येक जागी दोनदा मोजा. उतार मागच्या बाजूला आहे की पुढच्या, हेही लिहा. लोक आकडा लिहितात आणि दिशा विसरतात.

जुनीचासी
आणि कमान चढवताना अ‍ॅक्सल आणि पाट्यांमध्ये पाचर होती का ते विचारा. मला तिथेच संशय आहे. पाय काढल्यावर वाढते म्हणताय ना. ओढताना पाटे पिळले जाऊन पिनियनचं नाक वर उचलतं, सोडल्यावर खाली येतं. म्हणजे नाक मुळातच खाली असावं.

लांबपल्ला
माप घेतलं. सगळे उतार मागच्या बाजूला:

गिअरबॉक्स ४.०
पुढचा शाफ्ट ४.५
मागचा शाफ्ट ७.०
पिनियन ०.५

योक एका पातळीत आहेत, बाण समोरासमोर. पाचर आहे, दोन अंशांची. जाड बाजू पुढे, केबिनकडे.

कोनमापक
सापडलं.

पहिला क्रॉस, गिअरबॉक्स ते पुढचा शाफ्ट: अर्धा अंश. ठीक.
दुसरा, सेंटर बेअरिंगच्या मागचा: ७ वजा ४.५, अडीच.
तिसरा, पिनियनचा: ७ वजा ०.५, साडेसहा!

अडीच अंशांचा घोळ साडेसहा अंश मिटवू शकत नाहीत, उलट नवा घालतात. एकट्या कोनाचा विचार केला तरी साडेसहा या वेगाला जास्तच. चालू शाफ्टला अंश-दोन अंशांचा कोन उत्तम, तीनच्या आत ठेवायचा. अगदी शून्यही नको, कारण मग सुया एकाच जागी बसून राहतात आणि क्रॉसवर खाचा पाडतात.

पिनियन ४.५ ला हवा, म्हणजे तिसराही अडीच येईल. ०.५ वरून ४.५, फरक चार अंशांचा. पाचर दोन अंशांची, ती उलटी बसली की फरक बरोबर दुप्पट, चार अंश पडतो. पाटे अ‍ॅक्सलच्या वर बसलेले असतील तर नाक वर उचलायला पाचरीची जाड बाजू मागे हवी. पाटे अ‍ॅक्सलच्या खालून जात असतील तर उलट.

भरल्यावर कमी का, तेही यातच आहे. चासी खाली बसते, मागचा शाफ्ट ७ वरून साडेचारच्या आसपास येतो. दुसरा क्रॉस शून्याकडे, तिसरा चारवर. कोनांचे वर्ग करून वजा करा: रिकामी असताना ४२ वजा ६, म्हणजे ३६. भरल्यावर १६. निम्म्याहून कमी.

स्टेपनी
मानलं. टायरचे शब्द मागे घेतो. सध्या तरी.

पाटेवाला
पाचर फिरवताना चार गोष्टी.

सेंटर बोल्टचं (पाट्यांचा गठ्ठा एकत्र धरणाऱ्या बोल्टचं) डोकं पाचरीच्या भोकातून जाऊन अ‍ॅक्सलच्या खाचेत पूर्ण बसलं पाहिजे. पाचर जाड असेल तर डोकं खाचेपर्यंत पोचत नाही, मग बोल्ट लांब डोक्याचा घ्या. हे चुकलं की अ‍ॅक्सल ब्रेकला सरकतो, सेंटर बोल्ट कापला जातो आणि गाडी आडवी चालायला लागते.

यू-बोल्ट (पाटे अ‍ॅक्सलला आवळणारे) नवे घ्या. एकदा ताणलेले पुन्हा वापरायचे नाहीत. चारही नट आलटून-पालटून, तीन-चार टप्प्यांत, गाडीच्या पुस्तकातल्या टॉर्कला, आणि शेवटचा टप्पा चाकं जमिनीवर टेकवून. ५०० ते १००० किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे, कारण पाटे दबून जागा सुटते.

झाल्यावर पुढच्या हबच्या मध्यापासून मागच्या हबच्या मध्यापर्यंत दोन्ही बाजूंचं अंतर फितीने मोजा, चाकं सरळ ठेवून. तीन मिमीच्या वर फरक असेल तर अ‍ॅक्सल तिरका बसलाय.

आता तुमच्या आदळण्याकडे. मूळ पाटे किती, कोणत्या जाडीचे? जादा टाकलेला किती जाडीचा?

लांबपल्ला
मूळ ९, १२ मिमीचे. जादा १६ मिमीचा. हवा मागे-पुढे सारखीच मारतो, भरलेल्या गाडीच्या हिशेबाने.

पाटेवाला
मग आदळणारच. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. १६ भागिले १२, त्याचा घन सुमारे २.४. म्हणजे तुम्ही एक पाटा टाकला असं वाटतं, प्रत्यक्षात जवळजवळ अडीच टाकले. कमान २६ टक्क्यांनी कडक झाली. वर उंची वाढली, त्याने शाफ्टचा कोनही तीव्र झाला. कायम रिकामी धावणाऱ्या गाडीत हा पाटा नकोच. भार खरोखर वारंवार जास्त असेल तर वर हेल्पर (मदतीचा जादा पाटासंच) घ्या, तो गाडी बसल्यावरच टेकतो आणि रिकामी असताना लुडबुड करत नाही.

पण पाटा काढण्याआधी शॅकल बघा, तिथे फार वेळा फसगत होते. पाटा दबला की लांब होतो, ती लांबी घ्यायला शॅकल झुलतं. पिन जाम असेल तर पाटा दबूच शकत नाही, नऊ असोत की पाच. खडूने शॅकल आणि हँगर (चासीवरचा, शॅकल टांगायचा कंस) दोन्हींवर मिळून एक आडवी रेघ ओढा. गाडी भरा किंवा मागचं चाक गतिरोधकावर चढवून उभी करा, उतरून बघा. रेघ तुटून दोन तुकडे वर-खाली सरकलेत असं दिसलं तर शॅकल हललं. रेघ अखंड असेल तर ते जाम आहे. नवे बुश ठोकताना रीमर (भोक नेमकं मोठं करणारं हत्यार) न फिरवता पिन घणाने घातली की हेच होतं. ग्रीस निपलमधून ग्रीस जात नसेल तर निपल काढून भोक साफ करा, पिनचं ग्रीसभोक आतल्या वाटेसमोर आहे का बघा.

पाट्यांच्या मध्ये गंज धरला असेल तरी ते एकमेकांवर सरकत नाहीत. गठ्ठा सुटा केला की तारेच्या ब्रशने घासून ग्रॅफाइट ग्रीसचा पातळ हात मारा. खालच्या पाट्याचं टोक वरच्या पाट्यात रुतून खाच पडली असेल तर तो वरचा पाटा बाद, पुढेमागे तिथूनच तुटतो.

ग्रीसगन
शॉकअप बाकी राहिले. अर्धा तास खराब रस्त्यावर चालवून उतरा आणि चारही शॉकअपला हात लावून बघा. आधी हलकेच, चांगलेच तापलेले असू शकतात. काम करणारा कोमट ते गरम लागतो, कारण धक्का तो तेलात जिरवून उष्णता करतो. थंड लागला तो मेलेला, बाहेरून कितीही कोरडा दिसो. अंगावर तेलाचा नुसता ओलसर पापुद्रा चालतो, थेंब ओघळत असतील तर बदला, आणि एका अ‍ॅक्सलचे दोन्ही एकदम.

हवा: रिकाम्या गाडीला भरलेल्याची हवा म्हणजे टायरचा दगड करणं. टायर कंपनीच्या भार-तक्त्यातून अ‍ॅक्सलच्या वजनानुसार ठरवा, थंड टायरवर मोजा. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडायची नाही. आणि भरायच्या आधी पुन्हा मारायची. हे विसरणार असाल तर थोडे आदळत चाला, पण कमी हवेत भरलेली गाडी नेऊ नका. टायर आतून शिजतो.

केबिनखालचा
केबिनचे रबर बुश कोणीच बघत नाही. पिचून सपाट झाले की केबिनचं लोखंड चासीच्या लोखंडाला टेकतं आणि पाट्यातून गाळून आलेला धक्काही जसाच्या तसा वर येतो. बुशच्या जागी कागदाची पट्टी सरकवून बघा. जिथे लोखंडावर ताजी चकाकी दिसते तिथे टेकतंय.

लांबपल्ला
काम झालं. पाचर फिरवली, जाड बाजू मागे. यू-बोल्ट नवे. १६ मिमीचे पाटे काढले. डावीकडचं मागचं शॅकल जाम निघालं, खडूची रेघ अखंड होती. रीमर फिरवून पिन हाताने जाईल अशी बसवली. दोन्ही बाजूंचं हब-ते-हब अंतर एक मिमीच्या फरकात.

उंची उतरल्यावर नवे कोन: पुढचा शाफ्ट ४.५, मागचा ६.०, पिनियन ४.५. म्हणजे दीड आणि दीड.

६० ते ६६ ची थरथर गेली. ५७ चा काटा मोबाईलवर जेमतेम दिसतो. आदळणंही निम्म्यावर आलं.

पण आता ७५ ला स्टेअरिंग हलकं डुलतं. आधी बहुतेक त्या थरथरीत झाकलं गेलं होतं. मोबाईल ६.५ दाखवतो.

मोजपट्टी
७५ ला चाक सेकंदाला ६.५ फेरे. ही चाकाचीच गोष्ट आहे, आणि स्टेअरिंगवर म्हणजे पुढची.

स्टेपनी
टायर! 😄

जुनीचासी
या वेळी स्टेपनीरावांना मान. पण टायर दोषी ठरवण्याआधी ढिलाई काढा. पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर, खाली स्टँड, मागच्या चाकांना ठोकळे. चाकाखाली पहार घालून वर उचला, वरची बाजू हाताने आतबाहेर हलवा. खेळ लागला तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर हब बेअरिंग, राहिला तर किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती पिन). मग चाक डावी-उजवीकडे हलवून टाय रॉडचे (दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या दांड्याचे) एंड बघा.

खेळ नसेल तर चाक हाताने फिरवा आणि टायरच्या मध्यावर एक ठोकळा जवळ धरून फट बघा, किंवा डायल गेज लावा. वरखाली अडीच मिमीच्या वर असेल तर नुसत्या बॅलन्सिंगने काही होणार नाही. गोल नसलेल्या चाकाला शिसं लावून ते गोल होत नाही. टायरच्या कडेला रिमलगत जी बारीक रेघ असते ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आहे का तेही मोजा. दीड-दोन मिमीचा फरक म्हणजे टायर रिमवर नीट बसलेला नाही.

लांबपल्ला
खेळ कुठेच नाही. उजव्या चाकाला वरखाली ३.८ मिमी. रेघ एका बाजूला रिमपासून १० मिमी, समोरच्या बाजूला १४. रिम लॉक रिंगवाली (टायर सुट्या कड्याने अडकवायची) आहे.

जुनीचासी
मग टायर वाकडा बसलाय, बाद नाही. लॉक रिंगला हात लावण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण शून्यावर आणा, आणि भोकात तार घालून खात्री करा, कधीकधी वाट चिखलाने बुजते. रिंग आणि तिची खाच गंजमुक्त करा, वाकलेली किंवा तडा गेलेली रिंग पुन्हा नको. फ्लॅप (ट्यूब आणि रिममधली रबरी पट्टी) दुमडलाय का बघा, बहुतेक तिथेच असेल. कडांना टायरचं वंगण लावा, डिझेल किंवा ग्रीस नाही, रबर सडतं. हवा भरताना चाक लोखंडी सुरक्षा पिंजऱ्यातच, लांब नळीने, आणि रिंगसमोर कोणी उभं राहायचं नाही. अर्धवट हवेत रिंग बसली नाही म्हणून वरून हातोडा मारणं म्हणजे आत्महत्या.

चाक चढवताना नट एकाआड एक आवळा. गोलाकार क्रमाने आवळले की चाक हबवर तिरकं बसतं आणि पुन्हा तेच.

लांबपल्ला
फ्लॅपच दुमडलेला होता. पुन्हा बसवल्यावर वरखाली १.४ मिमी, रेघ सगळीकडे १२. आता बॅलन्स करून ७५ ला घेऊन जातो. यू-बोल्ट ५०० किलोमीटरला आवळायचे, ते डॅशबोर्डवर खडूने लिहून ठेवलंय.